पहिल्या ओळीवर थांबू नका: कीट्सची ‘अ थिंग ऑफ ब्यूटी’ नीट कशी वाचावी

‘अ थिंग ऑफ ब्यूटी इज अ जॉय फॉर एव्हर.’ ही ओळ लग्नाच्या अल्बमवर दिसते, ब्यूटी पार्लरच्या पाटीवर दिसते, भाषणात तर हमखास येते. बारावीच्या एनसीईआरटीच्या ‘फ्लेमिंगो’ या पुस्तकात ही कविता असल्यामुळे उत्तरपत्रिकांमधूनही ती दरवर्षी उतरते. आणि जवळजवळ सगळीकडे तिचा अर्थ एकच लावला जातो: सुंदर गोष्ट कायम आनंद देते. पुढच्या ओळी मग या वाक्याची उदाहरणं म्हणून उरकल्या जातात. सूर्य, चंद्र, झाडं, डॅफोडिल्स, झालं.

घोटाळा इथेच होतो. कविता जे पटवून द्यायला बसली आहे तेच आपण आधी मान्य करून मोकळे होतो. सौंदर्याचा दिलासा टिकतो असं म्हणायला काहीच पडत नाही. तो कशापुढे टिकतो, कुणी काय केल्यावर टिकतो आणि टिकतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कीट्सने पुढच्या बत्तीस ओळींत क्रमाने मांडलं आहे. तो क्रम मोडला की हातात सुविचार उरतो.

खाली वाचनाची रीत टप्प्याटप्प्याने दिली आहे. परीक्षेसाठी रसग्रहण लिहायचं असो की स्वतःपुरतं वाचायचं असो, टप्पे तेच. सातवा मात्र मुख्यतः परीक्षार्थींसाठी आहे.

## तयारी: बसण्याआधी काय जवळ हवं

पूर्ण उतारा मिळवा. शालेय पुस्तकात चोविसाव्या ओळीशी कविता थांबते. कीट्सचा परिच्छेद मात्र तेहेतिसाव्या ओळीपर्यंत जातो, आणि ‘कायम’ या दाव्याचा खरा खुलासा त्या उरलेल्या नऊ ओळींतच आहे. कवितेचे हक्क केव्हाच संपलेले असल्यामुळे मूळ पाठ इंटरनेटवर मोफत मिळतो. ‘एंडिमियन’ या दीर्घकाव्याचा पहिला भाग शोधा आणि सुरुवातीच्या तेहेतीस ओळी कागदावर उतरवून घ्या किंवा छापून घ्या. मोबाइलच्या पडद्यावर लांब ओळी तुटतात, त्यामुळे पुढचा पहिला टप्पा बिघडतो.

ओळींना क्रमांक द्या. समासात १ ते ३३. पुढे सगळी बोलणी क्रमांकांनीच होणार आहेत.

माहिती एवढीच पुरे. जॉन कीट्सचा जन्म १७९५ चा. गाइज हॉस्पिटलमध्ये त्याने वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि १८१६ मध्ये औषधं देण्याचा परवानाही मिळवला. मग तो धंदा सोडून तो कवितेकडे वळला. ‘एंडिमियन’ त्याने १८१७ च्या एप्रिलमध्ये लिहायला घेतलं, नोव्हेंबरअखेर पहिला खर्डा संपवला, आणि १८१८ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. चार भाग, एकूण चार हजारांवर ओळी. कथा लॅटमस डोंगरावरच्या मेंढपाळ राजपुत्राची आणि त्याच्या प्रेमात पडलेल्या चंद्रदेवतेची. ग्रीक पुराणातल्या या एंडिमियनला कायमची झोप मिळते. तिन्ही गोष्टी लक्षात असू द्या: मेंढपाळ, चंद्र, झोप.

गाइड बंद ठेवा. निदान तिसरा टप्पा होईपर्यंत. सारांश आधी वाचला की डोळे ओळींवरून फिरतात आणि डोकं सारांशच वाचत राहतं.

> तपासा: तुमच्या प्रतीची शेवटची ओळ ‘ऑर वी डाय’ या शब्दांनी संपते का? संपत नसेल तर उतारा अपुरा आहे.

## टप्पा १: मोठ्याने वाचा, पण ओळीशी थांबू नका

सगळ्यात जास्त वाया जाणारं वाचन या टप्प्यावर जातं. आपल्याला श्लोक आणि अभंगांची सवय; चरण संपला की श्वास घ्यायचा. इथे तसं केलं तर अर्थाचे तुकडे पडतात. कीट्सने दोन-दोन ओळींची यमकं जुळवली आहेत खरी, पण वाक्यं त्या जोड्यांमध्ये बसवलेली नाहीत. वाक्य एका जोडीतून सरळ दुसऱ्या जोडीत उतरतं.

म्हणून पेन्सिलीने फक्त पूर्णविराम शोधा. बहुतेक छापील प्रतींत ते चारच सापडतील: पाचव्या ओळीच्या शेवटी, तेराव्या ओळीच्या मध्यावर, चोविसाव्या ओळीशी आणि तेहेतिसाव्या ओळीशी. अख्खा परिच्छेद म्हणजे चार वाक्यं:

- पहिलं (१–५): दावा.
- दुसरं (६–१३ चा मध्य): म्हणून आपण काय करतो, आणि कशापुढे.
- तिसरं (१३–२४): सुंदर गोष्टींची यादी.
- चौथं (२५–३३): त्या गोष्टी आपल्यापाशी कशा टिकतात.

आता चार वाक्यं चार श्वासांत नाही, पण चार झेपांत वाचा. स्वल्पविरामावर किंचित, अर्धविरामावर थोडं जास्त, ओळ संपली म्हणून अजिबात नाही. दुसऱ्या ओळीतल्या ‘नेव्हर’वर थांबलात तर ‘त्याचं लावण्य वाढतं, ते कधीच नाही’ असं काहीतरी विचित्र कानावर पडेल. ‘नेव्हर’वरून थेट तिसऱ्या ओळीतल्या ‘पास इन्टू नथिंगनेस’वर उडी घ्यायची.

> सावधान: पाचवी ओळ आणि सहावी ओळ यमकाने जोडलेल्या आहेत, पण मध्ये पूर्णविराम आहे. तिथे नीट थांबा. ‘देअरफोर’ने सुरू होणारी सहावी ओळ हा नवा मुद्दा आहे.

## टप्पा २: फसवे शब्द आधीच पकडा

कठीण शब्द फसवत नाहीत. ते आपण शब्दकोशात पाहतोच. फसवतात ते ओळखीचे वाटणारे.

‘स्टिल’ (ओळ ३) इथे ‘तरीही’ नाही, ‘सतत, नेहमीच’. ‘स्पाइट ऑफ’ (ओळ ८) म्हणजे ‘असूनही’. द्वेषाशी संबंध नाही. ‘ब्रेक’ (ओळ १८) म्हणजे रानातली झुडपांची दाटी. ‘पॉल’ (ओळ १२) म्हणजे शवपेटीवर घालायचं कापड. नुसता ‘पडदा’ म्हटलं की ओळीतलं मरण निघून जातं. ‘डूम्स’ (ओळ २०) वाचून सर्वनाश आठवतो, पण इथे अर्थ आहे थोर मृतांच्या वाट्याला आलेली अखेरची गती, जी आपण मनाने भव्य कल्पिली आहे. आणि ‘हाँट’ (ओळ ३०) म्हणजे भुतासारखं पछाडणं नाही. पुन्हा पुन्हा मनात येत राहणं.

सहा शब्द. जास्त काढत बसू नका.

## टप्पा ३: आधी अंधाराची यादी करा

इथून खरं काम. बहुतेक वाचक थेट तेराव्या ओळीवर जातात, कारण तिथे सूर्य-चंद्र आहेत आणि लिहायला सोपे आहेत. तुम्ही आठव्या ओळीवर जा.

आठ ते अकरा या ओळींत कीट्स सौंदर्याच्या विरोधात काय काय उभं आहे ते मोजून सांगतो. कागदाच्या डाव्या बाजूला ते लिहून काढा: खचलेपण, उदात्त स्वभावाच्या माणसांचा अमानुष दुष्काळ, उदास दिवस, आणि आपल्याला धुंडाळाव्या लागणाऱ्या सगळ्या रोगट, काळवंडलेल्या वाटा. त्यानंतर बाराव्या ओळीत ते शवपेटीवरचं कापड.

या यादीतला ‘रोगट’ हा शब्द आणि पाचव्या ओळीतले ‘आरोग्य’ आणि ‘शांत श्वास’ हे शब्द रेघेने जोडा. ही जोडणी वरवरची नाही. कीट्सची आई १८१० मध्ये क्षयाने गेली होती, धाकटा भाऊ टॉमही पुढे, कविता छापून आल्यावर, १८१८ च्या डिसेंबरात त्याच आजाराने गेला, आणि कीट्सने स्वतः रुग्णालयात काम केलं होतं. शांत श्वास हे वरदान आहे हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. गोड झोप आणि सहज चालणारा श्वास एवढंच तो सौंदर्याकडे मागतो, स्वर्ग मागत नाही. मला ही पाचवी ओळ पहिल्या ओळीपेक्षा फार मोठी वाटते.

> सावधान: कीट्स स्वतः १८२१ मध्ये रोममध्ये क्षयाने, पंचविसाव्या वर्षी गेला, म्हणून ‘मृत्यूच्या छायेत लिहिलेली कविता’ असं लिहू नका. आजाराची स्पष्ट खूण, खोकल्यातून रक्त, त्याला १८२० च्या फेब्रुवारीत दिसली. ही कविता त्याआधी जवळजवळ तीन वर्षांची आहे.

मराठी वाचकाला इथे आणखी एक खड्डा आहे. इंग्रजी रोमँटिक कवी म्हटले की आपल्या कानात बालकवींचं ‘आनंदी आनंद गडे’ वाजायला लागतं, आणि कीट्सही त्याच सुरात वाचला जातो. बालकवींचा आधार घ्यायचाच असेल तर ‘कोठुनि येते मला कळेना, उदासीनता ही हृदयाला’ या ओळींचा घ्या. आठव्या ओळीतलं खचलेपण त्यांना जास्त जवळचं आहे.

> तपासा: डाव्या बाजूची यादी पूर्ण झाली का? कवितेत आतापर्यंत एकही सूर्य, चंद्र किंवा फूल आलेलं नाही, हे लक्षात आलं का? (सातव्या ओळीत फुलांचा पट्टा आहे, पण तो आपण गुंफायचा आहे. पुढचा टप्पा त्याचाच.)

## टप्पा ४: काम कोण करतं ते शोधा

पहिल्या वाक्यात कर्ता सौंदर्य आहे: ते वाढतं, ते नाहीसं होत नाही, ते आपल्यासाठी एक निवांत कुंज राखून ठेवतं. दुसऱ्या वाक्यात कर्ता बदलतो. सहाव्या ओळीत ‘आपण’ येतो. रोज सकाळी आपण एक फुलांचा पट्टा गुंफतो, स्वतःला पृथ्वीशी बांधून घ्यायला.

ही ओळ सावकाश वाचा, कारण दोन प्रचलित चुका इथेच सुधारतात.

पहिली चूक: सौंदर्य आपोआप दिलासा देतं असं समजणं. कीट्स ‘रोज सकाळी’ म्हणतो. म्हणजे कालची माळ आजला पुरत नाही. ‘फॉर एव्हर’ या शब्दांपासून जेमतेम पाच ओळींवर त्याने ही रोजची मेहनत मांडून ठेवली आहे.

दुसरी चूक जास्त घातक: रोमँटिक सौंदर्य म्हणजे जगापासून पळ, असं सरसकट लिहिणं. पट्टा कशाला बांधायचा, तर पृथ्वीला. आठ ते दहा या ओळींतल्या दुष्काळाच्या, रोगाच्या, उदास दिवसांच्या याच पृथ्वीला. ‘अर्थ’ आणि ‘डर्थ’, पृथ्वी आणि दुष्काळ, हे दोन शब्द त्याने यमकात शेजारी आणून ठेवले आहेत.

यमकांचा विषय निघालाच आहे तर सगळ्या जोड्या एकदा समासात लिहून बघा. ‘ऑल’ला ‘पॉल’, म्हणजे ‘सगळं असूनही’ला शवपेटीचं कापड. ‘ब्लूम्स’ला ‘डूम्स’, फुलांच्या बहराला मृतांची गती. सगळ्याच जोड्या अशा नाहीत. मेंढरांच्या सावलीला चंद्र जुळवलाय तिथे खोल अर्थ खोदत बसू नका. पण या तीन जोड्या अपघाताने पडल्या असतील असं मला वाटत नाही.

## टप्पा ५: सुंदर गोष्टींची यादी, पण क्रियापदांसकट

आता तेरावी ओळ. उजव्या बाजूला दुसरी यादी करा. नुसती नावं लिहिलीत तर ती निसर्गचित्राची सामग्री होईल: सूर्य, चंद्र, जुनी-नवी झाडं, डॅफोडिल्स, ओहोळ, झुडपांची दाटी, थोर मृतांची गती, ऐकलेल्या-वाचलेल्या कथा. प्रत्येक नावापुढे ते *काय करतं* तेही लिहा.

झाडं: भोळ्या मेंढरांसाठी सावलीचं दान उगवतात. ओहोळ: उन्हाळ्यापासून बचाव म्हणून स्वतःसाठीच थंड आडोसा करतात. झुडपांची दाटी रानाच्या मधोमध, आतल्या बाजूला आहे. आता चौथ्या ओळीतला निवांत कुंज आठवा. एका ओळीत बांधता येईल असं सूत्र सापडतं: कुंज, सावली, आडोसा, दाटी. कीट्सच्या यादीतल्या गोष्टी प्रेक्षणीय आहेत म्हणून आलेल्या नाहीत, निवारा देतात म्हणून आल्या आहेत. आणि निवारा कशापासून, ते तुमच्या डाव्या यादीत आधीच लिहिलेलं आहे. म्हणून आधी डावी यादी करायची.

मेंढरं का, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. पुढची कथा मेंढपाळ राजपुत्राची आहे. चंद्र तेराव्या ओळीत एकदा आणि अठ्ठाविसाव्या ओळीत पुन्हा येतो, तोही त्याच कारणाने. चंद्रदेवता या काव्याची नायिका आहे. आणि गोड स्वप्नांची झोप कुणाची, हे आता सांगायला नको.

यादीतलं वळण विसाव्या ओळीवर आहे. इथे निसर्ग संपतो आणि माणसाने रचलेल्या गोष्टी सुरू होतात: वीरांचे मृत्यू, कथा. कीट्स दोहोंत उतरंड लावत नाही. ‘आणि तसंच हेही’ म्हणून एकाच यादीत पुढे जातो. ‘कवी निसर्गाला श्रेष्ठ मानतो’ हे ठरावीक वाक्य या कवितेबद्दल लिहिणाऱ्याने विसाव्या ओळीकडे पाहिलेलं नसतं.

> तपासा: उजव्या यादीत किमान दोन गोष्टी मानवनिर्मित आहेत का? आणि एक तरी गोष्ट थेट मृत्यूशी जोडलेली आहे का? नसेल तर ओळी २० ते २२ पुन्हा वाचा.

## टप्पा ६: उरलेल्या नऊ ओळी

चोविसाव्या ओळीशी थांबलं तर शेवटी हाती येतो स्वर्गाच्या कडेवरून ओतणारा अमृताचा झरा. छान आहे, पण दावा अजून सिद्ध झालेला नाही. झरा वरून ओततोय आणि आपण खाली पीत बसलोय. मग रोज सकाळच्या त्या गुंफण्याचं काय?

पंचविसाव्या ओळीत कीट्स स्वतःच हरकत घेतो: या गोष्टी आपल्याला एखाद-दुसरा तासच जाणवतात का? नाही. मग देवळाची उपमा येते. देवळाभोवती कुजबुजणारी झाडं लवकरच देवळाइतकीच प्रिय होतात. हे मराठी माणसाला समजवायला लागू नये. गावच्या देवळासमोरचा पिंपळ आणि पार काढून टाकला तर देऊळ तेच राहूनही परकं होतं. झाडं मुळात पूजेची नव्हती. येता-जाता, सहवासाने, ती तशी झाली.

टिकण्याची यंत्रणा ही आहे: पुन्हा पुन्हा भेट. चंद्र, काव्याची ओढ, अशा गोष्टी मनात परत परत येत राहतात, *तोवर*, जोवर त्या जिवाला उजेड होत नाहीत. ‘टिल’ हा छोटा शब्द अधोरेखित करा. उजेड पहिल्या भेटीत होत नाही. दुसऱ्या ओळीत ‘लावण्य वाढत जातं’ असं का म्हटलंय, त्याचं उत्तर तीसाव्या ओळीत मिळतं. वस्तू तीच राहते, आपल्यातली तिची मुळं वाढतात.

आता एकतिसाव्या ओळीतला ‘बाउंड’ आणि सातव्या ओळीतला ‘बाइंड’ एकमेकांना जोडा. आधी आपण स्वतःला पृथ्वीशी बांधत होतो. आता त्या गोष्टी आपल्याशी घट्ट बांधल्या गेल्या आहेत, ऊन असो की मळभ. बांधण्याची दिशा उलटली. माझ्या मते अख्ख्या परिच्छेदातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे, आणि शालेय उताऱ्यात ती अर्धीच दिसते.

शेवट मऊ नाही. या गोष्टी नेहमी आपल्याबरोबर असायलाच हव्यात, नाहीतर आपण मरू. दिलासा इथे चैनीचा राहत नाही, गरजेचा होतो.

> सावधान: ‘ऑर वी डाय’ला अतिशयोक्ती अलंकार म्हणून सोडून देऊ नका. पाचव्या ओळीतला श्वास आणि बाराव्या ओळीतलं कापड यांच्याशी ते शब्द जोडलेले आहेत.

### उलटतपासणी

एवढं झालं की दुसऱ्या कवींना साक्षीला बोलवा. नाहीतर आपण कीट्सच्या बाजूने एकतर्फी निकाल देतो. वेळ थोडा असेल तर फक्त कोलरिज घ्या.

कोलरिजची ‘डिजेक्शन: अॅन ओड’ ही १८०२ ची कविता. संध्याकाळचं आकाश, ढग, तारे, चंद्रकोर, सगळं त्याच्यासमोर आहे. तो म्हणतो, ते किती सुंदर आहेत हे मला दिसतं, जाणवत नाही. सौंदर्य हजर, दिलासा गैरहजर. का, तर पुढे तो सांगतो की निसर्गाला आपण जे देतो तेवढंच आपल्याला परत मिळतं. म्हणजे सहाव्या ओळीतले गुंफणारे हात थांबले की काय होतं, ते कोलरिजने लिहून ठेवलं आहे. ही कविता कीट्सला खोडत नाही. चौथा टप्पा का वगळायचा नाही ते सांगते.

वर्ड्सवर्थचा ‘टिंटर्न अॅबी’ (१७९८) आणि डॅफोडिल्सची कविता (१८०७) यांत दिलासा आठवणीतून येतो: शहराच्या गोंगाटात, एकट्या खोलीत, कोचावर पडल्या पडल्या. शेलीच्या ‘हिम टू इन्टलेक्च्युअल ब्यूटी’मध्ये सौंदर्य येतं आणि निघून जातं, आणि कवी त्याला थांब म्हणून विनवतो. आणि खुद्द कीट्सने १८१९ मध्ये ‘ओड ऑन मेलँकली’त लिहिलं की विषाद राहतो तो सौंदर्यापाशीच, मरणाऱ्या सौंदर्यापाशी. त्याच वर्षीच्या ‘ग्रीशियन अर्न’मध्ये कलश टिकतो, माणसं टिकत नाहीत. ‘रोमँटिक कवींच्या मते सौंदर्य शाश्वत आहे’ असं एका दमात लिहिण्याआधी या पाचांपैकी दोन तरी वाचलेल्या असाव्यात.

## टप्पा ७: रसग्रहण लिहिताना

आधी नेहमीचं उत्तर बघा:

*‘कीट्स हा सौंदर्याचा उपासक होता. या कवितेत तो सांगतो की सुंदर वस्तू आपल्याला चिरंतन आनंद देते. सूर्य, चंद्र, झाडे, फुले यांच्यातील सौंदर्य आपले दुःख दूर करते. कवीने सुंदर प्रतिमा वापरल्या आहेत.’*

यात खोटं काही नाही. पण कविता न वाचताही हे लिहिता येतं. आता त्याच लांबीचं दुसरं:

*‘पहिल्या ओळीतला दावा कीट्स लगेच कसोटीला लावतो: खचलेपण, थोर माणसांचा दुष्काळ, रोगट वाटा. यांच्यासमोर तो ज्या गोष्टी मांडतो त्या सगळ्या निवारा देणाऱ्या आहेत: मेंढरांना सावली, ओहोळाला थंड आडोसा. हा निवारा फुकट नाही. रोज सकाळी पट्टा गुंफावा लागतो, आणि तो आपल्याला पृथ्वीपासून सोडवत नाही, तिच्याशी बांधतो.’*

लिहिण्याचा क्रम असा ठेवा: दावा, त्याच्या विरोधातली यादी, निवाऱ्याच्या प्रतिमा, गुंफणं आणि बांधणं, मग यमक-छंद. अलंकारांची नावं शेवटी, आणि तीही एखाद-दुसरीच. ‘फुलांचा पट्टा हे रूपक आहे’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पट्टा कशाला बांधतो ते लिहिलं तरच.

वारंवार होणाऱ्या तथ्याच्या चुका: ही ओळ ‘ग्रीशियन अर्न’मधली नाही. वर्ड्सवर्थची तर नाहीच. ‘ग्रीशियन अर्न’मधली ओळ ‘ब्यूटी इज ट्रूथ’, ती वेगळी. आणि ‘अ थिंग ऑफ ब्यूटी’ हे कीट्सने दिलेलं शीर्षक नाही. हा ‘एंडिमियन’चा प्रारंभ आहे.

बोर्डाच्या परीक्षेत चोवीस ओळींच्या बाहेरचं लिहावं का? देवळाच्या उपमेचा एका वाक्यात उल्लेख जरूर करा, पण उत्तराचा कणा छापील उताऱ्यावरच ठेवा. तपासणाऱ्यासमोर तोच असतो.

## टप्पा ८: पाठ करायची असेल तर

परीक्षा नसली तरी हा टप्पा करण्यासारखा आहे, कारण तीसाव्या ओळीतली अट पुन्हा पुन्हा भेटण्याचीच आहे.

ओळीओळीने पाठ करू नका, वाक्यावाक्याने करा. पहिल्या आठवड्यात फक्त १ ते ५. दुसऱ्यात ६ पासून तेराव्या ओळीच्या मध्यापर्यंत. मग मधली यादी सोडून थेट २५ ते ३३ घ्या. यादी सर्वांत शेवटी. याद्या पाठ करताना क्रम चुकतो आणि माणूस वैतागून सगळंच सोडतो, तर वाक्यरचनेचा धागा असलेल्या ओळी लवकर बसतात. म्हणताना सकाळची वेळ धरा. सहावी ओळ तेच सांगते.

एक मर्यादा स्पष्ट असलेली बरी. जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज विचारवंत १८२६ मध्ये गाढ औदासीन्यात सापडला होता. त्याच्या आत्मचरित्रात त्याने लिहिलंय की बायरन वाचून काही उपयोग झाला नाही, उलट त्रासच झाला. १८२८ च्या शरदात वर्ड्सवर्थ वाचला तेव्हा मात्र त्या कविता औषधासारख्या लागू पडल्या. कारणही त्याने दिलंय: त्यांत नुसतं बाहेरचं सौंदर्य नव्हतं, ते पाहताना मनाची होणारी अवस्था होती. म्हणजे एकाच काळातले दोन कवी, एकाच माणसावर उलट परिणाम. तुम्हाला कीट्स लागू पडला नाही तर तो ढकलत बसू नका. ‘टिंटर्न अॅबी’ घेऊन बघा, किंवा बालकवींचं ‘औदुंबर’, ज्याच्या आठच ओळी आहेत. आणि कोलरिजसारखं ‘दिसतं, पण जाणवत नाही’ असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर कविता बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी बोला.

‘एंडिमियन’ पुढे वाचायचं असल्यास पहिल्या भागातल्या पॅनदेवाच्या स्तोत्रापर्यंत एका बैठकीत जा. चारही भाग सलग वाचण्याचा हट्ट धरू नका. कीट्सने स्वतःच प्रस्तावनेत आपल्या कच्चेपणाची कबुली दिली आहे, आणि मधले भाग खरोखर रेंगाळतात. चौतिसाव्या ओळीकडे मात्र नक्की लक्ष द्या. तेहेतिसाव्या ओळीतल्या ‘डाय’चं यमक तिथल्या ‘आय’शी जुळतं, आणि ओळ पुन्हा ‘देअरफोर’नेच सुरू होते. पहिल्या ‘देअरफोर’ला माळ गुंफायला घेतली होती, दुसऱ्याला तो कथा सांगायला घेतो.